हाताला लागत नाही

गोल्फ हा खेळ मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, तोही धड नाही. तरी त्या खेळाच्या काठ्या वडिलांनी नि मी मिळून काही वर्षं बनवल्या आणि लोक त्या घेऊन खेळले. हे कसं जमलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून गडबडतो. सांगायला बसलो की मधेच माझं मलाच कळेनासं होतं की कोण चुकलं आणि कोण बरोबर होतं. तरी एकदा नीट सांगून बघतो.

साठचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरला आग्रा रोडपासून आत एका गल्लीत पत्र्याची शेड होती. तिथे हातोडे, छिन्न्या, पाने असला माल बनायचा. शेड एका कच्छी शेठची. वडील तिथे भट्टीवर होते. ते मूळचे मालवणकडचे. आधी एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लोहारकाम करायचे, तिथून इथे आले. तीस वर्षं ऐरणीपाशी काढल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले होते. मी आयटीआय करून त्याच शेडमध्ये चिकटलो. वडील सांडशीत लाल लोखंड धरायचे, मी घण घालायचो, आणि माल निवला की तोच माल मी चाकावर घासायचो. दिवसभर असे समोरासमोर असल्यामुळे घरी बोलायला काही उरायचं नाही, आणि शेडमध्ये बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही.

मोठ्या कारखान्यांचे साच्यातले हातोडे स्वस्तात यायला लागले, तशी आमच्या भट्टीची कामं आटली. शेठ येता-जाता भट्टीच्या कोपऱ्याकडे बघायचे. तिथे पॉलिशची दोन यंत्रं सहज बसली असती. पंचावन्न वर्षांच्या, कानाने गेलेल्या लोहाराला दुसरं कोण ठेवणार? हे वडिलांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि शेठलाही माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

अशात एक दिवस माहुलकडच्या तेल कारखान्यातले एक साहेब गाडी घेऊन आले. "मला क्लब बनवायचा आहे," म्हणाले. शेठना वाटलं, इमारतीचं काम आहे. लोखंडी फाटक, कठडे. त्यांनी चहा मागवला. साहेबांनी पिशवीतून एक काठी काढली, तेव्हा कळलं की क्लब म्हणजे काठी. आणि ती काठी घेऊन ते जिथे खेळायला जातात, तोही क्लबच. वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन मी हे ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे क्लब घेवन क्लबात जातत? बरा."

काठीचं डोकं लोखंडाचं होतं आणि गळ्याशी तडकलं होतं. परदेशी माल, बाहेरून आणायला बंदी. तसंच दुसरं डोकं इथे घडवून मिळेल का, एवढाच प्रश्न. जमलं तर चेंबूरच्या मैदानावर खेळणारे बाकीचे साहेबही पूर्ण सेट करून घेतील, असं ते म्हणाले. शेठनी लगेच मान डोलवली. ते गेल्यावर मला म्हणाले, "देख, ये जम गया ना, तो तेरे बाप की भट्टी रहेगी. नाहीतर मी तरी किती दिवस बघू?"

वडिलांनी ते तडकलेलं डोकं घेऊन त्यावर कानस फिरवली. वरचा चकचकीत मुलामा खरवडल्यावर कानस आत लोण्यातून जावी तशी गेली. त्यांना पटेना. आमच्या हातोड्याचं तोंड आम्ही लाल करून पाण्यात बुडवायचो, कडक व्हावं म्हणून. आणि इथे मारायचं हत्यार, तेही परदेशी, आणि मऊ? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हो हो, मऊच पाहिजे. मऊ असेल तरच हाताला लागतं." मी ते वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली. मऊ असेल तर हाताला लागत नाही, हे शेडमधला झाडूवालासुद्धा सांगेल. साहेबांची चूक झाली असणार, असं आम्ही दोघं धरून चाललो.

इथे साहेबांच्या मराठीबद्दल सांगायला हवं. ते दक्षिणेकडचे. मराठी त्यांनी पुस्तकातून शिकलेली, आणि कामगारांशी मराठीतच बोलायचं हा त्यांचा हट्ट. शब्द सगळे बरोबर यायचे. त्यामुळेच घोटाळा झाला. चुकीचं बोलले असते तर आम्ही परत विचारलं तरी असतं.

पहिलं डोकं घडवून, मुलामा चढवून, दांडा बसवून दिलं. आठवड्याने साहेब परत आले. तोंडभर हसून, हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, काम फार सुबक आहे. पण हाताला काही लागत नाही."

मी वडिलांना ओरडून सांगितलं, "हाताला काही लागत नाही म्हणतात!"

वडिलांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. हत्यार बनवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही. हातोडा मारल्यावर झिणझिण्या येऊन कोपरापर्यंत कळ गेली, तर ते हत्यार फुकट. 'पण' हा शब्द मी सांगितलाच नाही, कारण तो मला जास्तीचा वाटला. साहेब मात्र काठी ठेवून गेले आणि म्हणाले, आणखी एक करून बघा.

मग वडील इरेला पेटले. दुसऱ्या डोक्याचं बूड त्यांनी जाड केलं. तिसरं लाल करून राखेत पुरलं आणि दुसऱ्या दिवशी काढलं, म्हणजे लोखंड आणखी मऊ होतं. चौथ्याच्या गळ्यात, दांडा बसतो तिथे, चामड्याची चकती घातली आणि भोवती लाख ओतली, म्हणजे हादरा तिथेच मरावा. साहेब दर वेळी यायचे, थोडं कमी हसून म्हणायचे, "अजून लागत नाही." अजून लागत नाही! आम्ही एकमेकांकडे बघायचो. आईने तर घरी एकदा शिरा केला.

साहेबांची काठ्यांची पिशवी उचलणारा एक जण होता, माहुलच्या कोळीवाड्यातला. माझ्याच वयाचा, बायकापोरांचा धनी. घरची मंडळी खाडीत जायची, पण पाण्यावर तेलाचा तवंग यायला लागल्यापासून मासळी कमी झाली, म्हणून हा मैदानावर लागला होता. पाचवी काठी परत द्यायला साहेब आले नाहीत, त्यांनी याला पाठवलं.

तो म्हणाला, "साहेब वैतागलाय. बोलला, यात पण काय लागत नाय."

"मग वैतागला कशाला?" मी म्हणालो. "खूश व्हायला पाहिजे ना."

"खूश?"

"अरे, हाताला लागत नाही म्हणजे झकासच ना?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच शंका आली. मग तो खाली बसला आणि हसत सुटला. "अरे येड्या, त्याला लागायला पायजे रे! तो रडतोय आणि तुम्ही इथे पेढे खाताय!"

मग त्याने समजावलं. चेंडू बरोबर जागी बसला की त्याची खबर दांड्यातून तळहातापर्यंत येते. जाळं ओढताना आत मासा आहे की चिखल, ते दोरीवरून हाताला कळतं ना, तसं. साहेबाला ती खबर पाहिजे होती. इंग्रजीत त्याला एक शब्द आहे, तो साहेबाने पुस्तकात बघून मराठीत आणला: लागतं. आणि आम्ही चामडं, लाख, राख घालून ती खबर मारायच्या मागे होतो.

हे वडिलांना सांगणं माझ्याच वाट्याला आलं. तीन वेळा ओरडून सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांना कळलं, आणि ते ऐरणीवर बसले. ऐरणीवर ते कधी बसत नसत.

"आयुष्यभर हाताक लागू नये म्हणान हत्यारां केलंय," ते म्हणाले. "आता लागाक होया म्हणान काय करू?"

मला तेव्हा साहेबांचा राग आला, मराठीचा राग आला आणि सगळ्यात जास्त माझा. तो 'पण' मी पहिल्याच दिवशी सांगितला असता तर!

शेठ चिडले होतेच. त्यांना कुणीतरी सांगितलं की मुलुंडला एका ओतशाळेत मेणाच्या साच्यावरून हुबेहूब वस्तू ओतून देतात. मला बघायला पाठवलं. मी गेलो आणि भारावून गेलो, हे कबूल करतो. तडकलेलं डोकं सांधून त्यावरून मेणाचं डोकं केलं, ते चिकट मातीत बुडवलं, वर वाळू, परत माती, असे थर चढवले. वाळल्यावर भट्टीत घातलं की मेण वितळून बाहेर आणि आत डोक्याच्या आकाराची पोकळी. त्यात वितळलेलं पोलाद. फोडलं की काठीचं डोकं, तोंडावरच्या चऱ्यांसकट. घण नाही, घाम नाही. लोखंडही आमच्यासारखंच मऊ जातीचं घेतलं होतं. परत येऊन मी शेठना सांगितलं, "एकदम सारखं येतं. घासायलाही कमी."

बोलून गेलो आणि मग समोरच्या भट्टीकडे लक्ष गेलं. वडील पाठमोरे कोळसा सारत होते. त्यांना अर्थातच ऐकू आलं नव्हतं.

शेठनी ठरवलं ते असं. एक घडवलेलं डोकं, एक ओतलेलं. दोन्हींना सारखा मुलामा, सारखे दांडे, सारख्या मुठी. कुठलं कुठलं ते न सांगता साहेबांनी दोन्ही मारून बघायची. ओतलेलं आवडलं तर काम मुलुंडला आणि भट्टी बंद. घडवलेलं आवडलं तर भट्टी राहील. वडिलांना यातलं काही सांगायचं नाही. वडिलांनी चामडं-लाख न घालता, गळा घट्ट ठेवून दोन डोकी घडवली होती. शेठनी त्यातलं एक कपाटात टाकलं आणि त्या जागी ओतलेलं ठेवलं. वडील समजत होते, दोन्ही त्यांचीच.

ओतलेलं काही गुंजा जड होतं. मी ते घासून घासून वडिलांच्या डोक्याच्या वजनाला आणलं. काटा मधोमध येईपर्यंत घासलं. मुलामा होऊन आल्यावर दोन्ही काठ्या शेजारी ठेवल्या तर मलाच ओळखू येईनात, म्हणून मी वडिलांच्या काठीच्या गळ्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. साहेबांच्या हातात द्यायच्या आधी पुसून टाकू, पण तोवर मला कळायला हवं. कामावर मी एवढा खूश होतो की शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेठनी मला झेंडू आणि नारळ आणायला पिटाळलं. परत आलो तर वडिलांनी दर वर्षीसारखी सगळी हत्यारं रॉकेलने लख्ख पुसून पांढऱ्या कापडावर मांडली होती. घण, सांडश्या, कानशी, माझी चाकं. प्रत्येकाला हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट. मधोमध त्या दोन काठ्या. दोन्ही रॉकेलने पुसलेल्या, दोन्हींच्या गळ्यावर हळदकुंकू, दोन्हींवर फुलं.

नारळ खाली ठेवून मी पुढे झालो. कुंकवाखाली रंगाचा ठिपका उरलाय का बघितलं. नव्हता. वजन केलं, काटा मधोमध. माझीच करामत माझ्या अंगाशी आली होती. नखाने टिचकी मारून कानाशी धरल्या. पहिली जास्त गोड वाजते असं वाटलं. परत वाजवल्या, तर दुसरी. दहा वेळा वाजवल्यावर कुठलीच गोड वाटेना. कानस लावली असती तर मुलामा गेला असता. वडिलांना विचारावं, तर त्यातली एक तुमची नाही हे सांगावं लागलं असतं. वडील हात जोडून उभे होते. मीही जोडले, आणि देवाला नक्की काय मागायचं ते सुचेना.

दसऱ्याला साहेबांना सुट्टी. सकाळी आम्ही चौघे मैदानावर गेलो: शेठ, साहेब, वडील आणि मी. तो पिशवी उचलणारा माहुलवाला तिथे होताच. मैदान केवढं हिरवं होतं, हे मात्र नीट आठवतं. वडील चपला काढून गवताच्या कडेला उभे राहिले.

साहेबांनी एका काठीने पाच-सहा चेंडू मारले, मग दुसरीने. मग परत पहिलीने. एकदा चेंडू असा गेला की माझी नजर त्याच्या मागे पोचली नाही. साहेब तसेच काठी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "लागलं."

लागलं म्हणजे आता काय, असं आम्हा प्रत्येकाला वाटलं असावं. साहेबांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. "इथे! इथपर्यंत आलं!"

माहुलवाला जरा खवचट होता. तो म्हणाला, "साहेब, कानात कापूस घालून मारा बघू. तुम्हाला हाताला लागतंय का कानाला, ते कळंल." साहेब खेळकर माणूस. शेठच्या कानातल्या अत्तराच्या फायातला कापूस घेऊन त्यांनी खरंच कान बंद केले. मारलं. थांबले. दुसरीने मारलं. पहिली म्हणाले, मग दुसरी म्हणाले, मग दोन्ही काठ्या खाली ठेवून हसायला लागले. म्हणाले, आता काहीच कळत नाही. कापूस काढला, परत मारलं आणि पुन्हा तीच काठी उचलली. "नाही, हीच."

म्हणजे तो सगळा खटाटोप, राख, चामडं, घण, मेण, हे हातासाठी होतं की कानासाठी? मला तिथल्या तिथे विचारायचं होतं. पण शेठ माझ्याकडे बघत होते.

"बोल," ते म्हणाले. "ही कुणाची?"

साहेबही बघत होते. गवताच्या कडेला वडील उभे होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण माझ्या ओठांकडे त्यांची नजर होती.

"बाबांची," मी म्हणालो.

भट्टी राहिली. त्या साहेबांचा सेट झाला, मग त्यांच्या दोस्तांचे झाले. सगळे वडिलांनी घडवले, मी घण मारला, मी घासले. साहेब प्रत्येक काठी घेऊन म्हणायचे, "लागतं, लागतं!" एकही परत आली नाही. यावरून तरी ती मैदानावर निवडलेली काठी वडिलांचीच असणार, असं मी मनाला समजावायचो. पण मग वाटायचं, एकदा मनात बसल्यावर साहेबांच्या हाताला बांबूही लागला असता. हा हिशेब मी वर्षानुवर्षं केला आणि तो दर वेळी वेगळा यायचा.

सहा वर्षांनी वडिलांनी काम सोडलं. त्याच सुमाराला साहेबांची बदली झाली. जाताना ते आमच्या चाळीत आले आणि दसऱ्याला निवडलेली ती काठी वडिलांच्या हातात देऊन गेले. आईने ती दाराआडच्या कोपऱ्यात ठेवली. उंच दोरीवरचे कपडे काढायला तिला फार सोयीची पडायची.

एका रविवारी दुपारी वडील ती काठी मांडीवर घेऊन बसले होते. गळ्यावरून अंगठा फिरवत होते. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं: बदललेलं डोकं, शेठची अट, रॉकेलने पुसलेला ठिपका. सांगून टाकलं म्हणजे ओरडलो. असल्या गोष्टी हळू बोलायच्या असतात, पण त्यांना हळू ऐकू यायचं नाही. शेजारणीने दारातून डोकावून बघितलं. आई आतून म्हणाली, "काय झालं रे?" आणि मी घसा फोडून सांगत होतो की बाबा, मला माहीत नव्हतं, मी ठोकून दिलं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्यो माझो न्हय. ओतलेलो."

"कशावरून?"

"कुंकू लावताना हातात घेतलंय, तेव्हाच समजला."

"मग तेव्हाच बोलला का नाही? मैदानावर तरी?"

"तू सांगितलंस ना, बाबांची म्हणान," ते म्हणाले. "मगे मी काय बोलतलंय?"

सहा वर्षं ते रोज भट्टी पेटवायला माझ्या आधी निघत होते. मी परत त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "लागलं का हो तुम्हाला?"

त्यांनी काठी माझ्याकडे दिली.

"लागला रे," ते म्हणाले. "हाताक नाय. पण त्याच्यानंतर जे घडवलंय, ते सगळे माझे."

आता वडील नाहीत. ते खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून बोलले, की मला थोडं लागावं म्हणून, हेही मला कळलेलं नाही. काठी माझ्याकडे आहे. गळ्यापाशी कानस फिरवून, आतलं लोखंड उघडं करून एखाद्या जाणकाराला दाखवलं तर अर्ध्या तासात निकाल लागेल. कानस तर घरातच आहे. दसऱ्याला मी काठी आणि कानस दोन्ही बाहेर काढतो, रॉकेलने पुसतो, दोन्हींना हळदकुंकू लावतो आणि परत आत ठेवतो.